सतरा क्रमांकाची बाई

“हॅलो?… हो मावशी, मीच. कधीच उठले! साडेसहाला उठले, कालचा पाव ऑलिव्हच्या तेलात बुडवून खाल्ला, कॉफी उतू गेली, शेगडी पुसली, आठला विद्यापीठात हजर… बोल ना.”

एमनासमोर पडद्यावर नाबल गावच्या बायकांच्या बोलण्याचा संग्रह होता. तीन वर्षांचा, साडेचार लाख शब्दांचा. दुपारी बाराला तो सर्वांसाठी खुला व्हायचा होता.

“नारिंगाची फुलं आली? चार चादरी भरून! मग यंदा अर्काची भट्टी दोनदा लावणार तू… कोण, हयात? लेक शोधणार आईचं बोलणं?… अगं, आवाज नसतो त्यात, लिहिलेलं असतं. शब्द टाकला की तो आला तेवढी वाक्यं एकाखाली एक… हो, नाव नाही, तू सतरा क्रमांक… शेजारणींनाही बोलावलंस?”

तिने ‘आईच्या कबरीची शपथ’ टाकलं. एकोणचाळीस वाक्यं, छत्तीस सतरा क्रमांकाची. प्रबंधाचं अख्खं प्रकरण त्यांवर उभं होतं. नववं वाक्य ती नेहमी घाईने पुढे सरकवी: ‘आईच्या कबरीची शपथ, हयातचं लग्न मीच मोडलं. पोरीला फिट येतात असा निरोप धाडला, नाहीतर गेली असती फ्रान्सला.’

“मावशी, ऐक ना… हसू नकोस गं. गेल्या वर्षी फुलं खुडून झाल्यावर मी रेकॉर्डिंगचं यंत्र बंद केलंच नव्हतं… हो, सगळं उतरलं त्यात. चादरीवर बोललेलं चादरीतच राहतं, तूच म्हणायचीस. ठाऊक होतं मला. पण कामाचं बोलताना तुम्ही जपून बोलता, आणि मला न जपलेलं हवं होतं… हॅलो?… मावशी?… हो. हयातचंही आहे… नाही, मीच तेवढं वाचलंय. पण क्रमांकाने काय झाकणार? तुझी शपथ सगळी गल्ली ओळखते.”

पलीकडचं बोलणं तिने मान खाली घालून ऐकलं.

“माझ्या प्रबंधाचं?… माझी काळजी नको करू गं, जास्तच लाज वाटते… बाराला हयातला तुझं काही सापडणार नाही. म्हण, एमना घालायला विसरली. वेंधळीच आहे ती. ढकल माझ्यावर… हयातला सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव. मी बोलणार नाही… येते ना खुडायला. नाही, यंत्र नाही. नुसते हात घेऊन येते… ठेव.”

तिने सतरा क्रमांक निवडला. नक्की पुसायचं का, असं पडद्याने विचारलं. तिने ‘हो’ दाबलं, मग खणातल्या यंत्रातलं मूळ ध्वनिमुद्रणही पुसलं.

यादीत सोळानंतर आता अठरा होतं.