अडीच हजार वर्षांच्या हंसाबाबत

पोलीस ठाणे, हेर्त्सोगेनआउराख
दिनांक ६ जून २०२५

जबाब देणार: सौ. मनोरमा वासुदेव पोंक्षे, वय ६८ वर्षे, शिक्षण जुनी मॅट्रिक, धंदा घरकाम, राहणार चिंचवड, जिल्हा पुणे. हल्ली मुक्काम मुलाकडे, हेर्त्सोगेनआउराख, जर्मनी.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, मला जर्मन येत नाही. सबब हा जबाब मी माझ्या अक्षरात मराठीत लिहून देत आहे. दुभाषी म्हणून आलेली मैत्रेयी हायडेलबर्गला शिकते, ती याचे जर्मन करणार आहे. मला वाईट वाटेल म्हणून तिने काही गाळू नये, असे तिला बजावले आहे.

माझा मुलगा हरीश, वय ४१, बेअरिंगच्या कंपनीत इंजिनियर आहे. त्याने एक खोटा पुरातन पक्षी शेतात पुरला, स्वतःच उकरून काढला आणि बक्षिसासाठी सरकारी कचेरीला फसवले, असा त्याच्यावर संशय आहे. त्याचा इथल्या नागरिकत्वाचा अर्ज चालू आहे. पोलिसांत प्रकरण असेल तर अर्ज पुढे सरकत नाही, असे सून सुरुची हिने मला सांगितले. म्हणून जे घडले ते सर्व सांगते. यजमान चिंचवडला आहेत, त्यांना विमान मानवत नाही, त्यांचा यात संबंध नाही.

हरीशला धातू शोधण्याच्या यंत्राचा नाद आहे. दर रविवारी तो कानाला भोंगे लावून नांगरलेल्या शेतात ते यंत्र झाडूसारखे फिरवतो. घरात केर काढायला मात्र आपोआप फिरणारे यंत्र आणले आहे. शेतमालकाची लेखी परवानगी आहे, ती मी पाहिली आहे. आजवर सापडलेल्या वस्तू: बिअरच्या बाटल्यांची बुचे, ट्रॅक्टरचे नट, एक चमचा, गाईच्या गळ्यातली अर्धी घंटा. प्रत्येकीला वेगळी डबी आणि वर चिठ्ठी. 'बूच, काळ अनिश्चित' अशी चिठ्ठी मी स्वतः वाचली आहे.

मी बरोबर का जाते, असे विचारण्यात आले. मुलाशी बोलणे व्हावे म्हणून. सोमवार ते शुक्रवार तो कंपनीशी बोलतो आणि शनिवारी फोनशी. शेतात कानाला भोंगे असतात, हे मला आधी माहीत नव्हते.

शिवाय ते यंत्र माझ्याजवळ आले की किंचाळते. जोडवी, मंगळसूत्र, पदराची पिन, थालीपिठांचा डबा, त्याला काहीच चालत नाही. हरीश म्हणाला, "आई, जोडवी काढून ठेव ना, सिग्नल बिघडतो." मी म्हटले, "अरे, तुझे वडील चिंचवडला धडधाकट आहेत. तुझा सिग्नल गेला खड्ड्यात." तेव्हापासून मी लांब बांधावर बसते आणि जप करते.

आता समईबाबत. गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी इथेच होते. नवरात्र नुकते उठले होते. देवघरापुढे जमिनीवर पितळी समई होती. ती माझ्या लग्नातली. हरीशने घर घेतले तेव्हा मी ती त्याला दिली. तिच्या टोकाला एक हंस होता. दुपारी केर काढणारे यंत्र समईला धडकले, समई पडली आणि हंस पायाखालच्या आट्याशी तुटला. यंत्र थांबले नाही. समईतले तेल त्याने घरभर नेले.

हंसाची खूण विचारली. डाव्या पंखावर पोचा आहे. तो हरीशने पाडला. सहा वर्षांचा असताना हंस पिळून काढून त्याने त्यावर अक्रोड फोडले होते. त्याबद्दल त्याने मारही खाल्ला होता. एरवी रोज संध्याकाळी तो त्याच समईपुढे मांडी घालून शुभंकरोति म्हणत असे. नोकरीसाठी घर सोडीपर्यंत दिवेलागणीला समई पेटवण्याचे काम त्याचेच होते.

तुटलेला हंस मी हरीशला दाखवला. त्याने लॅपटॉपमधून मान वर केली नाही. म्हणाला, "गेनाऊ. शनिवारी वेर्टस्टॉफहोफला टाकू." गेनाऊ म्हणजे बरोबर, आणि वेर्टस्टॉफहोफ म्हणजे गावाचे भंगार गोळा करायचे आवार. मी म्हटले, "देवापुढची वस्तू भंगारात टाकत नाहीत. नदीत सोडू." तो म्हणाला, "आई, इथे नदीत काही टाकलं तर पोलीस येतात." पोलीस तसेही आले, याची नोंद घ्यावी.

समई मी ठेवून घेतली. ज्योतीला तेल आणि वात लागते, हंस नसला तरी ती जळते. चांगली वस्तू उगाच बदलायची मला सवय नाही. हंसासाठी मात्र स्वच्छ जागा हवी होती. पुढच्या रविवारी हरीशने बांधाकडेचा पट्टा यंत्राने तपासला आणि जाहीर केले, "इथे काही नाही." म्हणून मी तीच जागा निवडली. घरून आणलेल्या उलथन्याने वीतभर खड्डा केला. हंस ठेवला, हळदकुंकू वाहिले, दहीभाताचा घास ठेवला, नमस्कार केला आणि माती लोटली. हरीश पाठमोरा होता. कानाला भोंगे होते. पुरलेले वर काढायचे हाच याचा उद्योग, हे माझ्या त्या वेळी ध्यानात आले नाही.

या वर्षी मार्चअखेर मी परत आले. ६ एप्रिलला रामनवमी होती. आज तरी माती उकरू नकोस, असे मी सांगून पाहिले. पण त्याने नवे, जास्त खोलवरचे ऐकणारे यंत्र घेतले होते. बांधाकडेला ते ओरडले. हरीश चिखलात गुडघ्यांवर बसला, हातांनी माती काढू लागला, आणि हंस वर आला. तो हिरवागार पडला होता. दही आणि शेतातले खत, दोघांनी मिळून एका हिवाळ्यात अडीच हजार वर्षांचे काम उरकले होते.

मी पाहताक्षणी ओळखला. पोचा हिरवा पडला तरी पोचाच असतो.

हरीशच्या डोळ्यांत पाणी आले. "आई, बघ! आई, अगं बघ ना!" म्हणून त्याने मला घट्ट धरले. यंत्र माझ्या जोडव्यांवर किंचाळत राहिले, ते त्याने बंदही केले नाही. त्याच वेळी खरे का सांगितले नाही, असे अधिकारी बाईंनी विचारले. उत्तर: त्याने धरले होते.

घरी आल्यावर हंस जेवणाच्या टेबलावर मऊ फडक्यात ठेवला. मी म्हटले, "हरीश, हा कुठे पाहिल्यासारखा वाटत नाही का रे?" तो म्हणाला, "आई, हा ख्रिस्तपूर्व काळातला आहे. तू कुठे पाहणार?" त्या वेळी समई त्याच्या पाठीमागे जळत होती, बिनहंसाची. त्याने मान वळवली असती तर आजचा कागद वाचला असता.

दुसऱ्या दिवशी गावच्या इतिहास मंडळाचे अध्यक्ष श्री. मायरहोफर आले. त्यांनी भिंग लावले आणि म्हणाले, "केल्टिक!" केल्ट नावाचे लोक इथे अडीच हजार वर्षांपूर्वी राहत होते, असे हरीशने मला समजावले. पंखावरच्या पोच्यावर बोट ठेवून अध्यक्ष म्हणाले, की पुरण्यापूर्वी पुजाऱ्याने विधिपूर्वक हा घाव घातला असावा. हरीशने गंभीरपणे मान डोलावली. पुजारी तोच होता.

मग पेपरात हंसाला हातावर घेतलेला हरीशचा फोटो आला. खाली त्याचे म्हणणे छापले होते, की हा पक्षी पुरणारे लोक अतिशय श्रद्धाळू असावेत. एवढे मात्र बरोबर आहे. मला म्हणाला, "हंस म्हणजे आत्मा, आई. त्या लोकांची श्रद्धा काय होती, तुला कल्पना नाही." मी तेव्हा त्याच्यासाठी कणीक मळत होते. मी सरळ सांगितले, "हरीश, तो आपल्या समईचा आहे." तो हसला, सुरुचीही हसली. "आई, तुला सगळीकडे समयाच दिसतात!"

त्याने स्वतः होऊन हंस सरकारी कचेरीकडे पाठवला, हे त्याच्या बाजूने लिहावे. कचेरीने तपासून कळवले, की धातू पितळ आहे, काम हल्लीचे, भारतीय घाटाचे आहे आणि ते कुणीतरी मुद्दाम पुरलेले दिसते. हरीश म्हणाला, "कुणी तरी माझ्याशी खोडी केली आहे." कुणी, यावर त्याने बरीच नावे घेतली. माझ्याकडे पाहिले नाही. मग या ठाण्याचे पत्र आले.

आज सकाळी मी न्याहारीच्या टेबलावर, त्याच्या ताटलीपुढे, समई आणून ठेवली. त्याने पाहिले आणि विचारले, "हिचा वरचा भाग कुठे गेला?" आणि विचारता विचारताच थांबला.

मग म्हणाला, "आई, ठाण्यात हे सांगू नकोस. प्लीज. मायरहोफर, मंडळ, ऑफिस, सगळे हसतील मला."

सुरुची म्हणाली, "हसू देत. हसण्याने पासपोर्ट अडत नाही, केसने अडतो."

"पण आई काय लिहून देणार? की मी माझ्याच घरची वस्तू ओळखली नाही?"

मी म्हटले, "ओळखलीस असं लिहिलं, तर तू चोर ठरतोस. बोल, कोणतं लिहू?"

गाडी त्यानेच चालवत आणली आणि समई मांडीवर नीट धर, असे मला दोनदा सांगितले.

समई मी उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ठाण्यात हजर केली. अधिकारी बाईंनी हातमोजे घालून हंस पिशवीतून काढला आणि समईच्या तुटक्या टोकावर ठेवला. तो हलला नाही, जागेवर बसला. अधिकारी बाई खिडकीकडे वळल्या. त्यांचे खांदे हलत होते. खोकला असावा.

नंतर त्यांनी शेवटचे विचारले, की मुलगा लहानाचा मोठा ज्या समईपुढे झाला, तिचा हंस त्याला हातात घेऊनही कळला नाही, यावर विश्वास कसा ठेवायचा? मी सांगितले की, मीही दोन महिने हाच विचार करते आहे. पण खरे आहे ते असे: हंस मी पुरला, त्याला न सांगता. हरीशने कुणालाही फसवलेले नाही. त्याला स्वतःच्या घरच्या समईवरचा हंस ओळखता आला नाही.

तपास संपला की हंस मला परत मिळावा. इतिहास मंडळाने मागितला तरी देऊ नये. मी तो समईला जोडून घेणार आहे. पुन्हा पुरणार नाही.

वरील मजकूर माझ्या हातचा आहे. मैत्रेयीने तो मोठ्याने वाचला, मी ऐकला, जसा घडला तसाच आहे. दार उघडे होते आणि हरीश बाहेर बाकावर बसला होता. 'ओळखता आला नाही' इथे मैत्रेयी अडखळली आणि हळूच म्हणाली, "मावशी, हे वाक्य जर्मनमध्ये जरा मऊ करू का?"

करू नये. त्याच वाक्यावर तो सुटणार आहे.

सही
मनोरमा वासुदेव पोंक्षे