ओटीपी मी फक्त नवऱ्याला सांगितला

मी, नाव वर नोंदवल्याप्रमाणे, वय ५८, धंदा शिवणकाम (उंची कमी करणे, चेन बदलणे), राहणार बाजारामागची गल्ली, जिन्याखालचे दुकान व त्यावरची खोली, समक्ष विचारल्यावरून जबाब देते की, मी वरील ठिकाणी पतीसोबत राहते. पती पंप दुरुस्तीचे काम करत. दोन वर्षांपासून त्यांना कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. पंपाचा बिघाड ते आवाजावरून ओळखत, त्यामुळे काम सुटले.

गेल्या महिन्यात मला फोनवर कानाच्या मशीनची जाहिरात दिसली. दुकानात तीस हजार, इथे सहा. एवढे स्वस्त कसे हे मनात आले नाही का, असे हवालदारांनी विचारले. नाही आले. यायला हवे होते, हे मला आतापर्यंत सगळ्यांनी सांगून झाले आहे. पार्सलमध्ये गाणी ऐकायचे वायरवाले इअरफोन निघाले. पतींनी ते कानात घातले आणि "थोडा फरक वाटतोय" म्हणाले. वायर कशालाच जोडलेली नव्हती.

पैसे परत मागायला मी डब्यावरच्या नंबरवर फोन केला. बोलणारा मला मावशी म्हणत होता. पैसे कार्डावर जमा करतो म्हणाला, म्हणून कार्डाचे सगळे आकडे मी दिले. मग म्हणाला, "मावशी, आता ओटीपी येईल. तो कोणाला सांगायचा नाही. मलासुद्धा नाही." मला माणूस सज्जन वाटला.

आमच्या घरात काहीही आले-गेले की मी ओरडून यांना सांगते. दूधवाला आला, वीज गेली, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या, सगळे. नाहीतर माणूस घरात असून नसल्यासारखा होतो. मेसेज वाजला तसा मी तो आकडा मोठ्याने म्हटला. दोनदा म्हटला. हातातला फोन चालूच होता. त्या मेल्याला मागावासुद्धा लागला नाही. खात्यातून आणखी एकतीस हजार गेले.

दोनदा का, असे हवालदारांनी विचारले. सवय, दुसरे काही नाही.

बँकेत गेले तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, तुम्ही ओटीपी दिलात, आता पैसे मिळायचे नाहीत. मी म्हटले, दिला नाही, नवऱ्याला सांगितला. ती म्हणाली, म्हणजे सांगितलाच ना? अगं बाई, नवरा काय परका आहे? तर म्हणे पोलिसांकडून लिहून आणा. इथे आले तर इथले म्हणाले, आधी बँकेत जा. आज चौथी खेप. माझे गिऱ्हाईक दुकानाला कुलूप बघून परत जाते आणि मी इकडून तिकडे चेंडूसारखी फिरते. तरी हे ठळक लिहून घ्यावे: मी त्याला ओटीपी दिलेला नाही. त्याने तो ऐकला. चोर दाराआड उभा राहून ऐकत असेल तर घरातल्यांनी बोलायचेच नाही काय?

ते एकतीस हजार खऱ्या मशीनसाठी ठेवले होते. नात आता बोलायला लागली आहे. ती फोनवर काही विचारते आणि हे नुसती मान हलवतात, तीही भलत्याच ठिकाणी. ती मोठी झाल्यावर मशीन घेऊन काय करायचे? पैसे परत मिळावेत एवढेच मागणे आहे. पैसे गेले हे पतींना माहीत आहे. कसे गेले ते मी त्यांना सांगितलेले नाही.

जबाब हवालदारांनी मला वाचून दाखवला. पती शेजारी बसले होते, ते "काय लिहिलंय?" असे विचारू लागले. मी "काही नाही" म्हटले, पण हवालदारांनी तो त्यांच्या कानाशी पुन्हा वाचला. सगळ्या ठाण्याने ऐकला. पती म्हणाले, "सवय कसली? पहिल्यांदा मला कळलं नाही. मी 'काय?' म्हणून विचारलं, तेव्हा ही दुसऱ्यांदा ओरडली. ते घाला त्यात." मी म्हटले, घालू नका. ते म्हणाले, घाला. हवालदारांनी घातले.

तेवढे मला मान्य नाही. बाकी जबाब मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.