झबल्यावरचा मोर

जळगावहून बोदवडला जाणाऱ्या एसटीत दिपमाला खिडकीशी बसली होती. पुढच्या बाकावर नातीच्या बारशाला निघालेलं एक म्हातारं जोडपं होतं, आणि त्या दोघांचं चांगलंच जुंपलं होतं.

"विहीणबाईंना फोनवर काय सांगितलं तुम्ही?"

"तुला भरतकाम येतं म्हणून. खूश झाल्या त्या! बाळाच्या झबल्यावर तू मोर भरणार, म्हणून बघायला बायका बोलावल्या त्यांनी."

"अहो, मी जन्मात एक फूल भरलं नाही!"

"मग हे टोपडं?"

"हे क्रोशाचं. आकड्याच्या सुईनं दोऱ्यात दोरा ओढून केलंय."

"सुई-दोराच ना? बठ्ठं एकच शे."

"सगळं एकच कसं? भरतकामाला आधी कापड लागतं, मग त्याच्यावर फुलं काढायची. क्रोशाला कापडच नसतं."

"आणि स्वेटर?"

"ते विणकाम. त्याला दोन सुया."

"म्हणजे कापड नसताना टोपडं केलं तू! हेच मोठं काम. तसं सांगतो त्यांना."

"आणि मोर कोण भरेल? तुम्ही?"

दिपमालाला हसू आवरेना. म्हातारी गर्रकन मागे वळली, आणि तिची नजर दिपमालाच्या ओढणीवर खिळली.

"पोरी, ही फुलं तू भरली?"

"हो, अक्का."

"उतरणार कुठे?"

"बोदवडलाच."

"मग चल बारशाला. जेवूनच जा."

दिपमाला काही बोलणार, तोवर म्हाताऱ्यानं फोन कानाला लावला होता.

"विहीणबाई, सोबत आमची भाची येते आहे. मोर असा विणते ना ती..."

"भरते!" दोघी एकदमच ओरडल्या.