ओढलेला हँडब्रेक

वसंतराव पार्टवाल्याने मला फसवलं आणि मी माझ्या मेहुण्याला, एकनाथला फसवलं, हे आधी लिहून घ्या, मग बाकीचं सांगतो. माझं नाव रामभाऊ, पण मला सगळे मिस्त्रीच म्हणतात, तुम्हीही म्हणा.

गाव आमचं सिन्नरच्या पलीकडे. बाप बैलगाडीच्या चाकांवर लोखंडी धाव चढवायचा, तापवून लाल केलेली पट्टी, आणि त्याचा एकच नियम होता, गाडीला हात लावायच्या आधी चाकाखाली दगड. रिकामी गाडी असो, सपाटीला असो, दगड. मी हसायचो. बैल सोडलेली गाडी कुठं पळून जाणार आहे म्हणायचो. बाप म्हणायचा, उभ्या गाडीवर कधी भरवसा ठेवू नको, चालत्या गाडीकडे माणूस बघतो तरी. ते मला पटायला पन्नाशी यावी लागली.

नाशिक रोडला आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं. ट्रकच्या गॅरेजात पाने पुसले, उस्तादाच्या शिव्या खाल्ल्या, चार वर्षांनी द्वारकेजवळ स्वतःची पत्र्याची शेड टाकली. कुणी मदत केली नाही, मी मागितलीही नाही. डोकं माझं तापट, ते कबूल करतो, एका गिऱ्हाइकाला पाना फेकून मारला होता, लागला नाही म्हणून आज तुमच्यासमोर बसलोय. आणि घासाघीस करावी तर मीच. पार्टवाले मला बघून म्हणायचे, आला मिस्त्री, आता दुपार गेली. मला त्याचा अभिमान होता. आता नाही.

तर एका ठेकेदार शेठने परदेशी गाडी घेतली. सुरगाण्याकडे त्याची रस्त्यांची कामं चालायची. नाशकात तेव्हा सगळ्या गाड्यांना मागे ड्रमचे ब्रेक, आणि हिला चारी चाकांना डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटा काढणारं कॅलिपर. पुढची कॅलिपर मला माहीत होती. मागच्यांत मात्र हँडब्रेकची कळ आतच बसवलेली, वायर ओढली की आतला स्क्रू पिस्टनला पुढे ढकलतो आणि चकतीला घासणारं पॅड झिजेल तसा तो स्क्रू आपोआप पुढे सरकत जातो. हे आज सांगतोय. तेव्हा मला यातलं काही ठाऊक नव्हतं. शेठला म्हणालो, ब्रेक म्हणजे ब्रेक, आणा.

त्या गाडीवर ड्रायव्हर एकनाथ, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मीच चिकटवला होता. पोरगा इतका सरळ की गाडीतून उतरला तरी आरसा पुसून घ्यायचा. मला दाजी म्हणायचा, अजून म्हणतो.

मागचे पॅड बदलायचे होते. पिस्टन आत गेल्याशिवाय नवे पॅड बसत नाहीत, म्हणून पुढच्यासारखाच डावीकडचा पिस्टन क्लॅम्पमध्ये धरला आणि आवळला. जाईना. मी अजून आवळला, मला कुणी नाही म्हटलं की मी आवळतोच. आतून कट् असा आवाज आला, सुपारी फोडल्यासारखा, आणि पिस्टन मऊ पडला. मग उजवीकडचं उघडलं तेव्हा दिसलं, पिस्टनच्या तोंडावर दोन खाचा होत्या. खाचेत पक्कड घातली, फिरवला, तर बरणीचं झाकण लागावं तसा गुपचूप आत गेला. तो दाबायचा नसतो, फिरवायचा असतो. पण डावीकडच्या स्क्रूचे आटे मी चिरडून टाकले होते.

शेठला सांगितलं नाही. डावं-उजवं मिसळू नये म्हणून मी पार्टवर पंचाने, म्हणजे टोकदार पोलादी खिळ्याने, ठिपके मारतो, डाव्याला दोन. ते ठिपके मारलेलं कॅलिपर घेऊन वसंतरावाकडे गेलो, म्हटलं, नवं आणून द्या आणि हे मोडकं बदल्यात घ्या. मोडकं त्याच्या गळ्यात मारतोय याचीच मला खुशी. तो म्हणाला, मिस्त्री, मुंबईहून मागवावं लागेल, आठ दिवस. आठ दिवसांनी काळंभोर रंगवलेलं, पुठ्ठ्याच्या खोक्यातलं कॅलिपर समोर ठेवलं. मी भाव पाडला. तो पडला. चहासुद्धा पाजला. एरवी घोटभर पाणी विचारत नाही तो माणूस. तिथेच मला कळायला हवं होतं. वर म्हणाला, उघडून बघशील तर परत घेणार नाही. आणि मी उघडलं नाही. काय सांगू तुम्हाला, एक मोडलं होतं ना, हात भ्यायला होता.

बसवलं. ब्रेकच्या तेलातली हवा काढली, पाय दाबला, ब्रेक घट्ट. मग आमची नेहमीची तपासणी. आम्हा गॅरेजवाल्यांची रीत अशी की गाडी उतारावर न्यायची, हँडब्रेक ओढायचा, उतरून एक बिडी ओढायची. बिडी संपेपर्यंत गाडी हलली नाही तर पास. माझ्या उस्तादाने तेच केलं, मीही तेच केलं. हलली नाही. एकनाथला म्हटलं, ने बिनधास्त, दाजीचं काम आहे.

पण शेडपासून त्या उतारापर्यंत गाडी कितीशी चालली, डिस्क गार होती. घाटात ब्रेक मारून मारून ती तापते, फुगते, तेव्हा हँडब्रेक पकडतो, आणि उभ्या गाडीत ती गार होत आक्रसते, तशी पकड सुटत जाते. आतला स्क्रू धड असेल तर तेवढं सांभाळून घेतो. वसंतरावाने तो स्क्रू नुसता ठोकून पक्का केला होता. उजवीकडचं एकटं एवढ्या जड गाडीला काय धरणार?

सुरगाण्याच्या घाटात एकनाथने गाडी उतारावर लावली, हँडब्रेक ओढला. शेठ टपरीवर चहाला गेला. एकनाथ पुढची काच पुसून गाडीसमोरच्या कठड्याला टेकला. एक बिडी झाली, दोन झाल्या असतील. मग गाडी चालू लागली. आवाज नाही, इंजिन नाही. टपरीवाला मला म्हणाला, मिस्त्री, कुणीतरी आत बसलंय असंच वाटलं हो. एकनाथ वळेपर्यंत गाडीने त्याचा पाय कठड्याला दाबला होता.

शेजारच्या दुकानात फोन आला आणि मी जीपने पोचलो. एकनाथला दवाखान्यात घेऊन गेले होते. पोलीस यायचे होते, शेठ टपरीवर डोकं धरून बसलेला. मी गाडीत हात घातला. हँडब्रेक वर होता. शेवटच्या दातापर्यंत ओढलेला. ओढलेला असून सुटला म्हणजे काम माझं. जेल दिसली, शेड दिसली, बायकोचं तोंड दिसलं. आणि मी बटण दाबून तो खाली केला.

पंचनाम्यात आलं, ड्रायव्हरने हँडब्रेक ओढला नव्हता. शेठने त्याला काढून टाकलं. गाडी माझ्याकडे आली तेव्हा डावं कॅलिपर काढून ते मी रॉकेलमध्ये बुडवलं, घासलं. काळा रंग सुटला आणि खाली दोन ठिपके. माझेच. मी मोडलेलं वसंतरावाने मलाच रंगवून विकलं होतं.

वसंतरावाच्या काउंटरवर ते आदळलं. तो शांतपणे म्हणाला, नाशकात पंच काय तुझ्या एकट्याकडेच आहे होय? मी त्याची गचांडी धरली. तो म्हणाला, ओरड अजून, मीही ओरडतो, आधी कुणी मोडलं ते. मी हात सोडला. इतक्या लोकांशी भांडलो, पण त्या दिवशी मुकाट घरी आलो.

एकनाथ आता आमच्याकडेच असतो. काठी घेऊन शेडमध्ये बसतो, येईल त्या गाडीच्या चारी चाकांना दगड लावतो. जेवताना मध्येच उठतो, गाडीत वाकून बघतो, विचारतो, ओढलाय ना दाजी? पहिली दोन वर्षं मला विचारायचा, त्या दिवशी मी ओढला होता का हो? आठवतंय ओढल्याचं, पण कागदावर तर ओढला नव्हता असं लिहिलंय. मी म्हणायचो, जाऊ दे आता. मग त्याने विचारणंच सोडलं. म्हणायला लागला, माझंच चुकलं असणार. ते मला ऐकवेना, म्हणून गेल्या दिवाळीला सगळं सांगून टाकलं, क्लॅम्प, ठिपके, बटण, सगळं. बायको ऐकत होती, ती त्या दिवसापासून माझ्याशी कामापुरतं बोलते. आणि एकनाथ काय म्हणाला माहितीय? म्हणाला, दाजी, माझं मन राखायला तुम्ही कशाला अंगावर घेताय. कॅलिपर दाखवलं, तर म्हणे, ठिपके आत्ताही मारता येतात.

मला आता उतारावर उभी गाडी बघवत नाही. रस्त्याने जाताना मी तिच्या पुढून जात नाही, वळसा घालतो. लोक हसतात, हसू द्या.

माझ्या वाट्याचं मी सांगितलं, तुम्ही लिहिलंत. शेठला वाचून दाखवा, पोलिसांना दाखवा, मी नाही म्हणणार नाही. पण कॅलिपर अजून माझ्या पेटीत आहे आणि वसंतराव अजून त्याच दुकानात बसतो. त्याने एकदा माझ्या शेडमध्ये यावं. माझ्याशी बोलू नको, एकनाथच्या समोर उभा राहा, म्हणावं, आणि त्याला सांग की ते कॅलिपर जुनंच होतं, मी रंगवून दिलं, तू ब्रेक ओढला होतास. माझ्यावर त्याचा विश्वास बसत नाही. वसंतराव, तुम्ही सांगा त्याला.