धोतऱ्याचा पाला

आप्पासाहेब : इंजेक्शन द्या, बरफ लावा, म्हनाल तितके दिस निजवून ठिवा. पर धाकल्या भावाच्या डोक्याला मी लोखंड लावू देनार न्हाई, डाक्तर. आईनं निक्षून सांगितलंय.

डॉ. शांतवन : आप्पासाहेब, तुमच्या आईंनी गहिनीनाथला सकाळी पाहिलं. तेव्हा तो बोलत होता. आता हाक मारली तरी डोळे उघडत नाही.

आप्पासाहेब : उसाच्या गाडीवरनं पडला, उठला, भाकर खाल्ली. वाईच पडतो म्हनला. येवढं लागलं असतं तर जेवला असता का?

डॉ. शांतवन : हे दुखणंच लबाड. माणूस सावरतो, घरचे निर्धास्त होतात, आणि आत रक्त साचत राहतं.

आप्पासाहेब : मिरजगावच्या आमच्या व्याह्यांच्या बी मेंदूत रगत सांडलं हुतं. तुमीच औषिद देऊन निजवून ठेवलं, सुरी लावली न्हाई. आज काठी टेकीत का हुईना, मळ्यात जात्यात. त्यांना एक न्याय अन् माझ्या भावाला दुसरा?

डॉ. शांतवन : त्यांची शीर मेंदूच्या पार आत फुटली होती. तिथवर जायचं तर चांगला मेंदू चिरावा लागतो. त्यापेक्षा औषध आणि विश्रांती बरी. इथं रक्त मेंदूच्या वर, कवटीच्या खाली आहे. त्याची गाठ मेंदूला दाबतेय. औषधानं ती विरायच्या आधी माणूस जाईल. भोक पाडून काढली तर आशा आहे.

आप्पासाहेब : आशा. आशी किती जगल्यात?

डॉ. शांतवन : लढाईत मी बरीच डोकी उघडली. निम्मी माणसं वाचली. ज्यांना नुसतं निजवून ठेवलं, त्यांतलं कोणी उठलेलं मला आठवत नाही.

मनकर्णा : भावजी, व्हय म्हना.

आप्पासाहेब : तू मधी बोलू नको, मनकर्णे. काही बरंवाईट झालं तर आईला तोंड मला दावायचंय.

मनकर्णा : अन् कपाळ माझं पांढरं हुनार हाय.

डॉ. शांतवन : वेळ दवडू नका. उजव्या डोळ्याची बाहुली बघा केवढी झाली आहे. म्हणजे गाठ उजवीकडं. तिथंच भोक पाडतो.

मनकर्णा : डाक्तरसायब, बाहुली आनखी कशानं मोठी हुती का?

आप्पासाहेब : मनकर्णे, गप.

डॉ. शांतवन : बोलू द्या त्यांना.

मनकर्णा : त्या भुवईवर सूज आल्ती. सासूबाईंनी धोतऱ्याचा पाला वाटून बांधला. तुमी गावठी औषदाला रागावता, म्हनून नगरला येताना पाटाच्या पान्यानं धुऊन काढला.

डॉ. शांतवन : धोतऱ्याचा रस डोळ्यात गेला की बाहुली मोठी होतेच. आप्पासाहेब, तुम्हाला ठाऊक होतं?

आप्पासाहेब : मीच धुतला. आईला बोल नको लागायला. पर बाहुली खोटी निघाली, तर आता कापायचं कारन काय उरलं?

डॉ. शांतवन : नाडी खोटी नाही. ती मंदावत चालली आहे. रक्त आत आहेच, फक्त कुठल्या बाजूला ते हा डोळा सांगणार नाही. थांबा, दोन्ही हातांना चिमटा काढून बघतो. हं, डावा ओढून घेतला. उजवा तसाच पडलाय.

मनकर्णा : म्हंजी?

डॉ. शांतवन : उजवा हात मेंदूच्या डाव्या बाजूवर चालतो. गाठ डावीकडं असावी.

आप्पासाहेब : असावी?

डॉ. शांतवन : खात्री नाही. तिथं नसली तर उजवीकडं बघीन.

मनकर्णा : पाडा भोक. भावजी, मागनं मला घरात घेऊ नका. पर हे असे झोपंतच चाललेत, अन् मी उशाला बसून बघत ऱ्हाऊ? मला न्हाई जमायचं.

आप्पासाहेब : न्या त्याला. अंगठा कुठं करायचा ते दावा.

(ऑपरेशनच्या खोलीचं दार लागतं. पुन्हा उघडतं तेव्हा व्हरांड्यातलं ऊन सरलेलं असतं.)

डॉ. शांतवन : डावीकडंच होती, मूठभर. उजवीकडं शोधत बसलो असतो तर तेवढ्यात हातचा गेला असता. अजून धोका टळलेला नाही. डोळ्यांत तेल घालून बसा.

मनकर्णा : ओठ हलत्यात त्यांचे. पानी म्हनत्यात.

डॉ. शांतवन : कापूस भिजवून ओठ ओले करा. पाजू मात्र नका.

आप्पासाहेब : घरी सांगावा धाडतो. आई दारातच बसली आसंल. तिला धोतऱ्याचं काय सांगू गं?

मनकर्णा : ते कशाला सांगताय, भावजी. लेकानं पानी मागितलं म्हनावं.