विलायती दिव्याला तीट

हसणार नाही असं आधी कबूल करा, मग सांगते. आमच्या जुन्या विलायती गाडीचे दिवे म्हणजे दोन मिणमिणत्या समया. तान्ह्या बाळाला घेऊन अकोल्याहून अमरावतीला माहेरी निघालं, की मला प्रत्येक वळणावर म्हैस दिसायची. शेवटी माझ्या हट्टापायी हमीदभाई मिस्त्रींनी मोठे, लख्ख दिवे बसवून दिले. शेजारणी तोंडभर कौतुक करून गेल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माहेरी निघताना पाहते, तर उजवा दिवा मंद! गाडी तशीच मिस्त्रींच्या दारात नेली.

“असं काम करतात का, हमीदभाई? मांडीवर लेकरू आहे माझ्या!”

“कालच तं लखलख करून रायला होता, ताई!”

आमचे हे म्हणाले, “ऐका तिचं, बी. ए. झालेली आहे ती.”

बिचाऱ्या हमीदभाईंनी बॉनेटमध्ये डोकं घालून बॅटरी तपासली, सगळी वायर बदलली. तेवढ्यात मला आठवलं. सकाळी बाळाला तीट लावताना, नव्या दिव्यांनाही दृष्ट नको म्हणून, एकाला मीच काजळ फासलं होतं. दिवा बाळाच्या तोंडापेक्षा मोठा, म्हणून चांगलं तळहाताएवढं! पण आता कोणत्या तोंडाने सांगू?

दिव्याची काच उघडायला हमीदभाई पुढे आले आणि त्यांची बोटं काळीकुट्ट झाली. त्यांनी बोटांकडे पाहिलं, मग बाळाच्या कपाळाकडे.

“ताई,” ते शांतपणे म्हणाले, “हे मॅट्रिकले शिकवतात, का बीएले?”