खळ्यामागचं पेव

ऐका रं. आन ए बिडीवाल्या, तिकडं सरक, मला खोकला येतोय.

इंग्रजाच्या वक्ताची गोष्ट. डोंगरात बंड झालं, तवा सरकारनं हुकूम काढला, गावोगावची हत्यारं ठाण्यात जमा करा. आपल्या लोकांनी काय केलं? तलवारी, बंदुका, समदं खळ्यामागच्या पेवात दडवलं. जमिनीतलं खोल पेव, धान्य भरायचं. राखणीला बहिर्जी. आन हैबतीनं, आपल्यातल्याच हैबतीनं, फौजदाराला त्ये दावलं.

शिपाई आलं. पेव उघडलं की आधी वारा खेळू द्यायचा, मग माणूस उतरवायचा. शेंबडं पोर बी सांगंल. बहिर्जी म्हणाला, "सायेब, जरा दम धरा, आत कोंडलेली हवा हाय." ऐकतोय कोण? दोर बांधून त्यालाच उतरवला. वर आलं त्ये मढं. हैबती बाभळीआड हुबा व्हता. जीभ झडली व्हती मेल्याची.

फुडं फौजदारानं हैबतीला ठाण्यात बोलावून जरीचा फेटा बांधला. गावानं बघू नये म्हणून गडी अंधार पडल्यावर परत निघाला, खळ्याच्या वाटंनं.

म्होरं कुणीतरी चाललेलं. "कोण हाय?"

"राखणदार."

हैबतीनं वळखलं, आवाज बहिर्जीचा. मागं वळून पळाला, तर म्होरं खळं. दुसरीकडं पळाला, तिकडं बी खळंच. तेवढ्यात पायाखालनं आवाज, "हैबतीदादा, दोर वढ की. लई कोंदट हाय." हातात बघतोय तर दोर. झटकला, सुटंना. दोरानंच त्याला पेवात वढला. गुडघ्यापतोर आत, कमरंपतोर आत. छाती भरली, डोळं पांढरं.

"पेव कुणी दावलं, दादा?" खालनं इचारलं. रागानं न्हवं, सावकाश.

"मी! मीच सांगितलं फौजदाराला! वर काढ मला!"

दोर ढिला पडला. हैबती रांगत भाईर आला, जित्ता. वर बघतोय तर कंदील. त्याची बोंब ऐकून गाव धावून आलेलं. म्होरं बहिर्जीची बायको, गोजाबाई. तिनं समदं ऐकलं व्हतं. शिवी दिली न्हाई. कंदील वळवला आन चालू लागली. मागनं समदं गाव.

त्या रातीपासनं हैबतीला कुणी चुलीला इस्तू दिला न्हाई, पाणी दिलं न्हाई, मेला तवा खांदा दिला न्हाई. पेवात मेला असता तर सुटला असता. बरं झालं, न्हाई सुटला.

तवा रातच्याला त्या वाटंनं जाऊ नगा. आन आपलं माणूस ज्यानं इकलंय, त्यानं दिसाढवळ्या बी जाऊ नये. बहिर्जी अजून इचारतोय.